आईला सांगितलंच नाही, मग सही कोण करणार?

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणारा सव्वीस वर्षांचा आहे. कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत राहतो, महापेला नोकरी करतो. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, चार वर्षांपूर्वी गेले. आई बावन्न वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. घरूनच पोळीभाजीचे डबे देते. धाकटी बहीण बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

दीड महिन्यापूर्वी आईच्या डाव्या स्तनात गाठ लागली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. आईला मात्र ‘साधी गाठ आहे, काढून टाकायची’ एवढंच सांगितलेलं आहे. नवी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचं म्हणणं, गाठ दोन सेंटीमीटरच्या आसपास आहे, स्तन वाचवता येईल. शिवाय काखेतल्या ग्रंथी किती काढायच्या याविषयीच्या एका अभ्यासात आई सहभागी होईल का, असं त्यांनी विचारलं आणि माहितीपत्रक हातात दिलं. कोणाचं ऑपरेशन कसं होणार हे कॉम्प्युटरवर चिठ्ठी काढून ठरणार आहे. मावशी सहा वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, हे कळल्यावर त्यांनी आईची जनुकीय तपासणीही सुचवली.

गावाहून मामांचा रोज फोन येतो. ‘आमच्या बहिणीवर प्रयोग करू देणार नाही. सुरी लागली की हा आजार चवताळतो. काढायचं तर मुळासकट काढा. आणि ती जनुकाची भानगड नको, उद्या पोरीचं लग्न करायचंय.’ मंगळवारी पुन्हा ओपीडी आहे. मुलाचा प्रश्न असा: ‘ताई, मी सही करू की नको?’

उत्तर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मामा काय म्हणाले ते त्यात आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, बहीण रडली ते आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंचंही एक वाक्य आहे. आई काय म्हणाली ते कुठेच नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं: नको. अभ्यास वाईट आहे म्हणून नव्हे. तो चांगला असेल की नाही त्याकडे मी येतेच. पण ती सही तुझी नाही, मामांचीही नाही. आपल्याकडे वैद्यकीय अभ्यासात भाग घेणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर संमती तिचीच लागते. मुलगा, नवरा, भाऊ यांनी तिच्या वतीने दिलेली संमती चालत नाही. एखादीला वाचता येत नसेल, तर सगळं तिला वाचून दाखवायचं आणि त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवायचा, इतका हा नियम बारकाईने केलेला आहे. तुझी आई तर सातवी शिकलेली आहे. रोज पंचवीस डब्यांचा हिशेब वहीत ठेवते, असं तूच लिहिलंयस.

हा नियम असा कडक का, त्यामागे आपल्याच देशातला एक कडू प्रसंग आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस देण्याचा एक प्रकल्प चालला होता. वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. पुढे संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगलीच आहे, आजही दिली जाते आणि द्यावी. चूक झाली ती सह्यांची. मामांच्या मनात ‘प्रयोग’ या शब्दाची भीती आहे ना, ती हवेतून आलेली नाही. पण ज्या गोष्टीला मामा घाबरतात, तीच आत्ता तुमच्या घरात होऊ घातली आहे. जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिला न विचारता दुसरंच कोणी सही करणार आहे.

तू म्हणशील, ताई, सांगितलं तर ती खचेल. तिने बाबांचं सगळं एकटीने केलंय, आता आणखी नको. तुझं प्रेम मला दिसतं. माझ्या घरात आम्हीही असंच प्रेम केलं होतं. ठाण्याला नौपाड्यात आम्ही एकत्र राहायचो तेव्हाची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंना अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांच्यापासून तो लपवला. फाइल कपाटात, रिपोर्ट शेजाऱ्यांकडे, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचं. केमोच्या दुसऱ्या फेरीला बाजूच्या खाटेवरच्या बाईने त्यांना सहज विचारलं, ‘तुमचा कुठला?’ त्यांनी घरी आल्यावर आम्हाला काही म्हटलं नाही. रात्री भांडी घासताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, ‘सगळ्यांना माहीत होतं. मलाच पाहुण्यासारखं ठेवलंत.’ त्यांच्या आजाराबद्दल आता मला फारसं आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं.

आणि मला विचारशील तर तुझ्या आईला बरंचसं कळलेलं असणार. ज्या ओपीडीबाहेर ती दोन-दोन तास बसते, तिथे डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायका आहेत, भिंतीवर पाट्या आहेत. तिला वाचता येतं.

सांगायचं कसं, तर एकदम सगळं ओतायची गरज नाही. रविवारी डबे नसतात म्हणतोस. दुपारी जेवणं झाल्यावर तू आणि बहीण दोघं तिच्याजवळ बसा. आधी विचार, ‘आई, तुला काय वाटतंय काय झालंय?’ आणि गप्प बस. ती बोलायला वेळ घेईल. ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा तरी उच्चार, कारण ‘तसलं काही’, ‘ते’, ‘मोठा आजार’ असं बोलत राहिलास तर तिला वाटेल की आशाच नाही. त्याला लागूनच खरी गोष्ट सांग की गाठ लहान आहे, लवकर सापडली आहे, उपचार पूर्ण बरं करण्यासाठी चालले आहेत. मुलगा म्हणून छातीबद्दल बोलायला लाज वाटते, असं तू लिहिलंयस. तो भाग बहिणीकडे सोपव, त्यात कमीपणा काही नाही. तुम्हा दोघांना जमलंच नाही, तर मंगळवारी डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांग, ‘आईला अजून माहीत नाही, तुम्ही माझ्यासमोर तिला सांगा.’ त्यांच्यासाठी हे नेहमीचं असतं.

आता प्रयोगाकडे येऊ.

मामा म्हणतात मुळासकट काढा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातले सगळे मोठे सर्जन हेच म्हणत होते. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढत. बायका वाचत, पण छातीच्या फासळ्या दिसत, हात आयुष्यभर सुजलेला राही. पाऊणशे वर्षं हे असंच चाललं, कारण जास्त काढलं म्हणजे जास्त बरं, हे इतकं उघड वाटत होतं की ते तपासून बघावं असं फार थोड्यांना सुचलं. ज्यांना सुचलं त्यांच्यात दोन नावं मोठी: अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी. वेरोनेसींनी १९७३ पासून लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांमध्ये चिठ्ठी टाकली. निम्म्यांना जुनी मोठी शस्त्रक्रिया, निम्म्यांना फक्त गाठीचा भाग काढून वर रेडिएशन. फिशर यांच्या १९७६ साली सुरू झालेल्या अभ्यासात १८५१ बायका होत्या. दोन्हींचे वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायका सारख्याच जगल्या. एक फरक मात्र ध्यानात ठेव. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन घेतलं नाही, अशा शंभरातल्या ३९ जणींना त्याच स्तनात आजार परत आला. रेडिएशन घेतलेल्यांत हा आकडा १४ होता. म्हणजे स्तन वाचवायचा तर शेक, म्हणजे हे रेडिएशन, टाळून चालणार नाही. पूर्वी पाच-पाच आठवडे रोज जावं लागायचं, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत भागतं. तरी डब्यांचं काय करायचं ते आधी ठरवावं लागेल. तीन आठवडे रोज ट्रेनने जाणं आणि पंचवीस डबे, हे दोन्ही एका बाईच्याने होत नाही.

तुझ्या आईला आज ‘स्तन वाचेल’ असं डॉक्टर सांगू शकतात, ते त्या अनोळखी बायकांमुळे. त्यांच्याही घरी कोणी भाऊ म्हणाला असेल, आमच्या बहिणीवर प्रयोग नको.

आणि हे सगळं परदेशात झालं, आपल्या बायकांचं वेगळं, असंही नाही. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांचा एक अभ्यास टाटा मेमोरियलने चालवला. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तन तपासत होत्या, मॅमोग्राफी नव्हती. २०२१ साली निकाल आला. अशा तपासणीत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी दिसले. (खालच्या मजल्यावरच्या काकूंना हे सांग. त्या तुला सल्ले देताहेत, त्यांनी स्वतःची तपासणी शेवटची कधी करून घेतली ते विचार.)

मामांच्या ‘सुरी लागली की चवताळतो’ या वाक्याला मला हसायचं नाही. खेड्यापाड्यांत कितीतरी जणी याच भीतीने गाठ लपवून ठेवतात आणि सहा महिन्यांनी जखम झाल्यावर येतात. सुई टोचल्याने किंवा बायोप्सीने कॅन्सर पसरून माणूस दगावतो असं काही नाही, आणि शस्त्रक्रिया न करणं हा तर सरळ घात आहे. पण गंमत अशी की शस्त्रक्रियेच्या धक्क्याने काही पेशी हलत असतील का, हा प्रश्न सर्जननाही पडला होता. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि देशातल्या अकरा केंद्रांतले त्यांचे सहकारी यांनी त्यावर एक साधा उपाय तपासला. ऑपरेशन सुरू करायच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दाताचा डॉक्टर दाढ बधिर करायला देतो तेच औषध, अगदी स्वस्तातलं. जवळजवळ सोळाशे बायकांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. २०२३ साली छापलेल्या निकालात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या शस्त्रक्रियेत ८६.४ टक्के होतं, इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के. तुझ्या सर्जनना मंगळवारी विचार, ‘तुम्ही हे इंजेक्शन देता का?’ विचारायला काही लागत नाही. आणि मामांना सांग, त्यांची शंका मोठ्या डॉक्टरांनीही घेतली होती, फक्त ते शंका घेऊन घरी बसले नाहीत.

सगळे अभ्यास असे गोड निकाल देतात असं समजू नकोस. ऑपरेशनच्या आधी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं एक इंजेक्शन दिलं तर फायदा होईल असं याच मंडळींना वाटत होतं. हजार बायकांच्या अभ्यासात सरसकट फायदा दिसला नाही आणि त्यांनी २०११ साली तसं छापलं. निदानाच्या वेळीच आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली गाठ काढल्याने आयुष्य वाढतं का, हेही त्यांनी ३५० बायकांमध्ये पाहिलं. वाढत नाही, असं २०१५ साली कळलं. अशा निकालाने कोणाचा सत्कार होत नाही, पण त्यानंतर कितीतरी जणींची नको ती शस्त्रक्रिया टळते.

चिठ्ठी टाकून ठरवतात, याचा तुला सर्वांत जास्त राग आलेला दिसतो. ‘सिडकोची लॉटरी आहे का?’ असं लिहिलंयस. फरक आहे. सिडकोच्या सोडतीत एकाला घर लागतं आणि बाकीचे हात हलवत परत येतात. इथे दोन्ही चिठ्ठ्यांत उपचार आहेत. दोन्हींपैकी एक पद्धत नक्की वाईट आहे हे माहीत असतं, तर असे अभ्यास आधी तपासणाऱ्या नैतिकता समितीने परवानगीच दिली नसती. सर्जननी स्वतःच्या मनाने निवड केली, तर तरुण आणि धडधाकट बायका एकीकडे जातात, थकलेल्या दुसरीकडे, आणि मग फरक पद्धतीचा की बाईच्या तब्येतीचा हे कळत नाही. म्हणून चिठ्ठी. पण एक गोष्ट कोणी गोड बोलून झाकू देऊ नकोस. अभ्यास हा आईच्या भल्यासाठी खास आखलेला उपचार नव्हे. तो एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. तिला फायदा होईल किंवा होणार नाही, मोठा तोटा होऊ नये याची काळजी घेतलेली असते, तरी काहीच धोका नाही असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध हो.

आता काखेचा मुद्दा. पत्रात तू तो एका ओळीत उरकलास आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी तोच सर्वांत मोठा आहे. काखेतल्या ग्रंथी म्हणजे शरीरातल्या लसीकेच्या, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाच्या, चाळण्या. स्तनातला कॅन्सर बाहेर पडू लागला तर सहसा आधी तिथे सापडतो. म्हणून पूर्वी त्या सगळ्या काढत. पण सगळ्या काढल्या की साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे सुजतो, जड होतो, ठणकतो. पहिल्या एक-दोनच ग्रंथी, ज्यांना सेंटिनल म्हणतात, रंग टोचून शोधल्या आणि तेवढ्याच काढल्या तर हे प्रमाण साधारण वीसात एक इतकं खाली येतं. सेंटिनल ग्रंथींत थोडा आजार सापडला तरी बाकीच्या सगळ्या काढायलाच हव्यात का, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने तपासलं. लहान गाठी, स्तन वाचवलेला, रेडिएशन दिलेलं, अशा बायका त्यात होत्या. न काढलेल्याही तितक्याच जगल्या, दहा वर्षांनीसुद्धा. मिलानच्या एका अभ्यासाने तर त्याहून पुढे जाऊन विचारलं की गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतची आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असेल तर काखेला हात तरी लावावा का? २०२३ सालचं उत्तर: अशा बायकांत न लावताही पाच वर्षांत फरक पडला नाही. तुमच्या डॉक्टरांचा अभ्यास याच वाटेवरचा पुढचा एखादा प्रश्न विचारत असणार.

तुझी आई रोज किती कणीक मळते रे? पंचवीस डबे, डब्याला चार पोळ्या धर. शंभर पोळ्यांची कणीक. वर पाण्याच्या बादल्या, कुकर, भाजीच्या पिशव्या. ‘काखेतलं किती काढणार आणि हाताचं काय होणार’ हा प्रश्न तिच्यासाठी पोटापाण्याचा आहे. मामांना तो सुचणार नाही, तुला सुचला नाही. तिला सांगितलंत तर तिला पहिल्या पाच मिनिटांत सुचेल. म्हणून तिला बोलू द्या म्हणते.

तिने माहितीपत्रक स्वतः वाचावं. मराठीत दिलं नसेल तर मराठी मागा. ते घरी आणता येतं, त्यावर झोपून विचार करता येतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतं. शेवटच्या पानावर नैतिकता समितीचा फोन असतो, तो खरोखर लागतो का बघ. अभ्यास सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेला असायला हवा. तो क्रमांक मागून घे आणि मोबाइलवर उघडून पाहा. इजा झाली तर भरपाई कोण देणार, आणि कुठल्या तपासण्यांचे पैसे तुम्ही भरायचे नि कुठल्या अभ्यासाच्या खात्यावर, हे बोलण्यावर सोडू नकोस, पत्रकात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांग. आणि आईला हे पक्कं कळू दे की ती नाही म्हणू शकते, आज हो म्हणून सहा महिन्यांनी बाहेर पडू शकते, आणि त्यामुळे तिचे उपचार अडवता येत नाहीत. ‘नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील’ असं तिला वाटेल. आपल्या बायकांना ते वाटतंच. ‘नाही’ म्हणणं हे इथे पूर्ण उत्तर आहे, कारण द्यावं लागत नाही.

खर्चाचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येतात. रुग्णालय योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड बरोबर ठेव.

राहिली मावशी. इथे मला मामांशी थोडं भांडायचं आहे.

एका बहिणीला अंडाशयाचा आणि दुसरीला स्तनाचा कॅन्सर, यामागे दर वेळी रक्तातलंच कारण असतं असं नाही, पण असू शकतं. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी दोन जनुकं आहेत, पहिलं १९९४ साली शोधलं गेलं, दुसरं पुढच्या वर्षी. त्यांत जन्मजात दोष असलेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाची पहिल्या जनुकात सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यात १७. स्तनाचा निदान हाताला लागतो. अंडाशयाचा पोटात पाणी होईपर्यंत कळत नाही, तुझ्या मावशीचं तसंच झालं म्हणतोस. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींची रक्ताची चाचणी किंवा सोनोग्राफी वर्षानुवर्षं केली, तरी त्यांच्यात अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ साली स्पष्ट झालं. म्हणून दोष सापडलेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात, पहिल्या जनुकाच्या दोषात पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान. बीजवाहिन्याही काढतात, कारण या आजाराचा बराचसा भाग मुळात तिथेच सुरू होतो असं आता दिसून आलंय. तुझ्या आईची पाळी थांबलेली असली किंवा थांबत आली असली, तर दोष निघाल्यावर हा निर्णय तिच्यासाठी त्यामानाने सोपा असेल.

तपासणी आधी आईचीच करायची, कारण आजार तिला आहे. थोडंसं रक्त लागतं आणि निकालाला काही आठवडे जातात, म्हणून ऑपरेशनच्या आधी नमुना द्या. दोष निघाला तर स्तनाच्या शस्त्रक्रियेबद्दलही वेगळा विचार करता येतो. काही जणी दोन्ही स्तन काढून घेतात, काही जणी गाठ काढून कडक नजर ठेवतात, सक्ती कशाचीच नसते. तिच्यात दोष नाही निघाला, तर तुम्हा भावंडांच्या मनावरचं बरंचसं ओझं उतरेल. निघाला, तर तुमच्यापैकी प्रत्येकाला तो आलेला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. ‘प्रत्येकाला’ म्हणजे तूही त्यात आलास. पत्रभर तू बहिणीची काळजी केलीस, पण हा दोष मुलग्यांनाही येतो, पुरुषांतही त्याने प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि तुझ्याकडून तो तुझ्या मुलीकडे जाऊ शकतो. मामांकडेही तो असू शकतो, आणि त्यांना दोन मुली आहेत. लग्नाच्या बाजारात कोण काय म्हणेल, या भीतीपायी तुम्हा दोघांना आणि त्या दोघींना अंधारात ठेवायचं का, हे मामांनी शांतपणे ठरवावं. निकाल गावभर वाटायचा नसतो, तो ज्याचा त्याच्याकडे राहतो. बहिणीची तपासणी आत्ताच करायलाही हवी असं नाही. ती सज्ञान आहे, समुपदेशकाशी बोलून तिला वाटेल तेव्हा ती करेल. तीही सही तिचीच.

आई अभ्यासात गेली नाही, काखेतलं किती काढायचं हे तिच्या सर्जननी नेहमीच्या पद्धतीने ठरवलं, तरी काही बिघडत नाही. मला स्वतःला विचारलंस तर मी कदाचित हो म्हणेन, पण माझा हात कणीक मळून पोट भरत नाही. एकच गोष्ट टाळा. मामा येणार, मग साताऱ्याला दाखवायचं, मग पुण्याला, मग दिवाळीनंतर, असं होऊन दोन महिने जाऊ देऊ नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्ट आणि बायोप्सीची स्लाइड घेऊन या आठवड्यातच घ्या. खारघरला टाटा मेमोरियलचंच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आहे, परळच्या मुख्य रुग्णालयापर्यंत जावं लागेलच असं नाही. ऑपरेशन चांगल्या हातात असलं म्हणजे झालं, ते मामांच्या ओळखीतल्या हातात असण्याची गरज नाही.

मामांना फोन तू कर, आईला करायला लावू नकोस. रविवारी तिच्याशी बोलून झाल्यावर कर. म्हण, ‘मामा, आईला सगळं सांगितलंय. मंगळवारी या, पण आत तिच्याबरोबर बहीण बसणार आहे.’ ते रागावतील. मग येतीलही, आणि बाहेर बाकावर तुझ्या शेजारी बसतील. पाण्याची बाटली आणि मावशीचे जुने कागद बरोबर ठेव. मावशीला नेमकं कितव्या वर्षी कळलं, आजीला काही झालं होतं का, हे डॉक्टर विचारतील. ते तुला ठाऊक नाही, मामांनाही नीट आठवणार नाही. आईला आठवेल.